अण्णांना वरच्या खोलीत ठेवू नका

पत्र

डॉक्टर, आम्ही सिडकोत राहतो. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, 71 वर्षांचे आहेत. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. 2018 मध्ये त्यांना अटॅक आला आणि दोन स्टेंट बसवले. हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त पुढे ढकलण्याची ताकद, 35 टक्के आहे असं सांगितलंय. शुगरही आहे. 2021 च्या लाटेत त्यांचे धाकटे भाऊ गेले, पण कोरोनाने नाही. रात्री छातीत जळजळायला लागलं, तर दवाखान्यात कोरोना चिकटेल म्हणून सोडा पिऊन पहाटेपर्यंत थांबले. सकाळी एका हॉस्पिटलने दारातच स्वॅबचा रिपोर्ट मागितला, त्यात आणखी वेळ गेला. तेव्हापासून अण्णा दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. आता टीव्हीवर नव्या विषाणूंच्या बातम्या असतात, सिंहस्थाची गर्दीही येणार. माझे मिस्टर म्हणतात, साथ आली की अण्णांना सरळ वरच्या खोलीत ठेवायचं आणि जेवण दाराशी द्यायचं. जाऊबाई म्हणतात, बीपीची गोळी बंद करा, तिच्यामुळे विषाणू शरीरात शिरतो. अण्णा लसीला तयार नाहीत, लसीने अटॅक येतो म्हणतात. मी कुणाचं ऐकू?

– एक सून, सिडको

उत्तर

ताई, आधी अण्णांच्या धाकट्या भावाबद्दल, म्हणजे काकांबद्दल बोलते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

काकांसारखे लोक त्या काळात गल्लोगल्ली होते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने देशभरातल्या 187 हॉस्पिटलांची आकडेवारी जमवली होती. 2020 च्या मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकचे दाखल झालेले रुग्ण आदल्या वर्षापेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी कमी निघाले. त्या तीन महिन्यांत लोकांची हृदयं एकाएकी सुधारली होती, असं कोण म्हणेल? धावपळ आणि धूर कमी झाला म्हणून थोडा फरक पडलाही असेल, पण एक तृतीयांश अटॅक गायब होत नाहीत. ते घरीच झाले. कुणी सोडा प्यायलं, कुणी इनो, कुणी ओवा चावला. रस्त्यावर बंदोबस्त, एसटी बंद आणि दवाखान्याची धास्ती. त्यात 21 एप्रिल 2021 ला आपल्या शहरात महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून 20 हून जास्त रुग्ण दगावले, त्यानंतर तर नाशिककरांना हॉस्पिटलच्या पायरीचीही भीती वाटायला लागली. ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीत छातीतलं दुखणं मागे पडलं.

म्हणून अण्णांशी पहिलं बोलणं विषाणूबद्दल करू नका, छातीबद्दल करा, आणि ते आत्ताच करा, घरात सगळे धडधाकट असताना. छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं वाटलं आणि ते दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, किंवा दुखणं जबड्यात, हातात, पाठीत गेलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत की साथ जोरात असो, निघायचं. अण्णांना शुगर आहे, त्यामुळे कदाचित दुखणारही नाही. नुसता दरदरून घाम, अचानक धाप किंवा मळमळ, एवढंच दिसेल. शुगर असलेल्या माणसाच्या ‘गॅस’वर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

108 लावा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अण्णांना बसवून ठेवा, जिने उतरायला लावू नका, आणि मुलाच्या स्कूटरवर मागे बसवून तर मुळीच नेऊ नका. ॲस्पिरिनची 300 मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यायची असते, पण अण्णांना ती चालते ना, पोटात रक्तस्राव वगैरे पूर्वी झालेला नाही ना, हे त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट त्यांना लिहून दिलेली असेल तर बसूनच द्यायची, आणि बीपी आधीच खाली असेल तर द्यायचीच नाही. शेजाऱ्यांच्या डब्यातली तर नकोच.

कुठे जायचं हेही आत्ताच ठरवा. घरापासून वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येतील अशा दोन ठिकाणी स्वतः जाऊन चौकशी करा. रात्री कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) चालू असते का, आणि नसेल तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन तिथे देतात का? हे इंजेक्शन लहान हॉस्पिटलमध्येही देता येतं. 2020 मध्ये पीपीई किट घालून सगळी टीम जमवायला वेळ लागायचा, तेव्हा अनेक ठिकाणी आधी इंजेक्शन आणि मग अँजिओग्राफी असाच क्रम ठेवला होता. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत ते दिलं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग. शालिमारला सरकारी संदर्भ सेवा रुग्णालय आहे, तिथेही हृदयाचा विभाग आहे, खर्चाची अडचण असेल तर तिथलीही चौकशी करून ठेवा. सिडकोतून निघताना कुठल्या वेळी मुंबई नाका आणि द्वारका तुंबलेले असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याप्रमाणे एक नाव दिवसासाठी आणि एक रात्रीसाठी ठरवा.

दारात कुणी स्वॅबचा रिपोर्ट मागितला तर शांतपणे पण ठाम सांगायचं, “स्वॅब घ्या, पण ईसीजी आत्ता काढा.” छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी दारात आल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत कर्मचाऱ्यांनी मास्क आणि गाऊन घालून काम करायचं असतं, ईसीजी थांबवायचा नसतो. आणि तुमच्या मोबाइलमध्ये अण्णांचा बरा असतानाचा एक ईसीजी फोटो काढून ठेवा. जुन्या अटॅकच्या खुणा ईसीजीत बऱ्याचदा राहून जातात. नव्या डॉक्टरला रात्री त्या बघून कळत नाही की हा आजचा प्रकार आहे की 2018 चा. दोन पट्ट्या शेजारी धरल्या की मिनिटात निकाल लागतो. स्टेंटचं कार्ड, डिस्चार्ज पेपर, शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि चालू गोळ्यांची यादी यांचेही फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि ते फोल्डर घरातल्या तिघांच्या फोनमध्ये असू द्या.

आता वरच्या खोलीचं. तुमच्या मिस्टरांचा हेतू चांगला आहे, पण मला हा बेत अजिबात पसंत नाही. 35 टक्के पंपिंगच्या माणसाला रोज जिना, हा एक भाग. दुसरा मोठा. हृदय दमायला लागल्याच्या पहिल्या खुणा यंत्रावर नाही, घरातल्या माणसाच्या नजरेत येतात. चहाला बसताना अण्णांनी एक वाक्य दोन श्वासांत म्हटलं. चपलेचा पट्टा एक भोक मागे गेला. एका उशीवर झोपणारा माणूस दोन उशा मागायला लागला, किंवा मध्यरात्री उठून खिडकीशी बसला. ताट दाराशी ठेवून परत येणाऱ्याला यातलं काय दिसणार? आणि आपली ही पिढी स्वतःहून सांगत नाही. प्रेसमध्ये पाळ्या केलेला माणूस ‘काही नाही, जरा थकवा आहे’ यापुढे जाणार नाही.

साथीत अंतर ठेवायचंय ना, मग ते आजारी माणसापासून ठेवा. नातवाला सर्दी-खोकला झाला तर नातवाची पथारी चार-पाच दिवस वेगळी, त्याला मास्क, खिडक्या समोरासमोर उघड्या. अण्णा खालीच, आपल्या नेहमीच्या जागेवर. बाहेरून येणाऱ्याने हात धुवावेत. पाहुणे बंद ठेवायचे असतील तर जरूर बंद ठेवा, विशेषतः 2027 च्या पर्वण्यांना गावाकडून सगळी मंडळी तुमच्याकडे उतरणार असतील तर. गोदाघाटावरच्या गर्दीत अण्णांनी त्या दिवसांत न गेलेलंच बरं. पण सकाळी उजाडल्यावर गर्दी नसताना जॉगिंग ट्रॅकवर अर्धा तास चालणं थांबवू नका. ट्रॅक बंद असेल तर अंगणात, बोळात. महिनोन् महिने खुर्चीत बसलेलं हृदय घेऊन साथीतून बाहेर येणं हेही परवडणारं नाही. फक्त निफाडकडचा गारठा इकडे पसरतो त्या दिवसांत ऊन वर येऊ द्या. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं.

जाऊबाईंचं म्हणणं त्यांनी स्वतः रचलेलं नाही. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये ही शंका डॉक्टरांच्या जर्नलांतही होती. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरताना एसीई-2 नावाच्या दाराचा वापर करतो, आणि टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्यांचा त्याच यंत्रणेशी संबंध आहे. तर्क ऐकायला बिनतोड वाटायचा. मग ब्राझीलमध्ये 659 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांची गोळी महिनाभर बंद केली, निम्म्यांची चालू ठेवली. दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे गोळी बंद करून फायदा शून्य, आणि अण्णांसारख्याला तोटा नक्की, कारण त्यांच्या कमी पंपिंगला हीच गोळी आधार देते. स्टेंटवाल्या माणसाने ॲस्पिरिन आणि सोबतची रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने सोडणं तर आगीशी खेळ आहे. बीटा-ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखी गोळी, एकदम थांबवली तर नाडी आणि बीपी उसळतात.

अपवाद एकच, आणि तो फार कमी घरांत माहीत असतो. उलट्या-जुलाब सुरू आहेत किंवा तापात दोन घासही जात नाहीत, अशा दिवशी लघवी वाढवणारी लॅसिक्ससारखी गोळी, शुगरची मेटफॉर्मिन आणि हृदयासाठी हल्ली बऱ्याच जणांना देतात ती डापाग्लिफ्लोझिन, या तिन्हींबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा. शरीर कोरडं पडलं असताना लॅसिक्ससारखी गोळी किडनीवर ताण आणू शकते, आणि मेटफॉर्मिनमुळे किंवा उपाशी पोटी डापाग्लिफ्लोझिनमुळे रक्तात आम्ल साचू शकतं. बहुतेक वेळा डॉक्टर त्या दोन-चार दिवस थांबवायला सांगतात आणि जेवण सुरू झालं की पुन्हा चालू. पुढच्या भेटीत हे कागदावर लिहून घ्या, म्हणजे रात्री अकराला तर्क लढवावे लागणार नाहीत.

तापाला साधी पॅरासिटामॉल द्या. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं, ती नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतात, आणि आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातही आडवं येतं. मेडिकलमधून ‘सर्दीची एक पट्टी द्या’ म्हणून आणलेल्या गोळीत बहुधा फेनिलएफ्रिन असतं, त्याने बीपी वाढू शकतं. शिवाय तिच्यात पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून डोलो दिली की डोस दुप्पट. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं, त्याही टाळा.

काढ्याचं विचारलं नाहीत, पण तुमच्याकडे तो होतोच, नाशिकमध्ये कुठे होत नाही? तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी घालून अर्धा कप घेतला तर काही बिघडत नाही. ज्येष्ठमध मात्र काढून टाका. रोजच्या ज्येष्ठमधाने बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम घटतं. लॅसिक्स चालू असेल तर ते आधीच घटत असतं, आणि पोटॅशियम फार खाली गेलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. 2020 मध्ये दिवसातून तीन-तीन वेळा हा काढा पिणारी माणसं मी पाहिली आहेत, खोकला थांबला म्हणून खूश आणि पाय सुजलेले.

पाण्याचंही तसंच. ताप आला की घरातला प्रत्येक जण ‘भरपूर पाणी पी’ म्हणून तांब्या पुढे करतो. अण्णांचं हृदय कमी दाबाच्या मोटरीसारखं आहे, टाकी भरत गेलात तर पाणी मागे फुगणार, आणि इथे मागे फुफ्फुसं आहेत. त्यांना दिवसाला किती पाणी सांगितलंय? बहुतेकांना दीड ते दोन लिटर सांगतात. चहा, दूध, ताक, डाळीचं पाणी, हळदीचं दूध सगळं त्यात धरायचं. जोराचा ताप किंवा जुलाब असतील तर हा आकडा बदलतो, तोही डॉक्टरांनीच बदलायचा. ओआरएस पाण्यासारखं दिवसभर प्यायचं नाही. पाकिटातलं सूप, पापड, लोणचं आणि चिवडा आजारपणात कमीच करा, चव गेली म्हणून माणूस नेमकं तेच मागतो.

माझी तुमच्याकडून एकाच यंत्राची अपेक्षा आहे, वजनकाटा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं. एका दिवसात किलोभराहून जास्त किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ती चरबी नाही, पाणी आहे. त्या दिवशी फोन. साथीत हे दुप्पट कामाला येतं, कारण धाप लागली की सगळे विषाणूच्या मागे लागतात. ताप, घसा, अंगदुखी आणि वजन जागच्या जागी, तर विषाणूचा संशय जास्त. वजन चढतंय, पाय सुजलेत, आडवं झालं की दम लागतो, तर हृदय. दोन्ही एकदम असू शकतं, म्हणून निदान घरी करत बसू नका, फोनवर ही माहिती नीट सांगा.

ऑक्सिमीटर बहुधा 2021 मध्येच आणला असेल. सेल बदला. अण्णा बरे असताना त्यांचा आकडा किती असतो ते लिहून ठेवा. हात गार असतील तर चोळून ऊब आणा, मिनिटभर थांबून आकडा स्थिर झाला की बघा. 94 च्या खाली राहायला लागला तर डॉक्टरांना फोन, 90 च्या खाली गेला तर फोन करत बसू नका, निघा. दुसरी गोष्ट, बीटा-ब्लॉकर चालू असलेल्या माणसाची नाडी तापातही फारशी वाढत नाही. नाडी 72 दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

व्हॉट्सॲपवर फिरणारं प्रिस्क्रिप्शन कितीही मोठ्या डॉक्टरच्या नावाने आलं तरी अण्णांसाठी वापरायचं नाही. 2020 मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिनची जोडी फिरत होती, ती हृदयाचे ठोके बिघडवू शकते, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा उपयोग नाही हे त्याच वर्षी ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ऑक्सिजन लागणाऱ्यांना वाचवतं हेही दिसलं, पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा नव्हता. आपल्याकडे ते पहिल्याच दिवशी सुरू व्हायचं. त्याने शुगर चढते, अंगात पाणी साठतं. विषाणूवरच्या खास गोळ्यांतही काही स्टॅटिनशी, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशी, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी भांडतात, म्हणून नवीन काहीही लिहून मिळालं तर आधीची यादी दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही.

लसीबद्दल अण्णांशी वाद घालू नका, ही माहिती द्या. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2023 मध्ये 47 हॉस्पिटलांत 18 ते 45 वयाच्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. कोरोनाच्या लसीने असा मृत्यू येण्याचा धोका वाढल्याचं आढळलं नाही. कोरोनामुळे हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलेल्यांत मात्र तो जास्त होता. तो अभ्यास तरुणांचा आहे, अण्णांच्या वयाचा नाही, हे खरं. पण अण्णांच्या वयात विषाणूच अटॅकला निमंत्रण देतो याचा पुरावा चांगला भक्कम आहे. साध्या फ्लूच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहापट होतो, असं कॅनडातल्या 2018 मधल्या अभ्यासात दिसलं. तापाने नाडी पळते, सूज आल्याने रक्तवाहिनीतला जुना थर फुटतो, रक्त गुठळीकडे झुकतं. फायझर, मॉडर्ना यांसारख्या एमआरएनए लशींमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आल्याच्या दुर्मीळ घटना मुख्यतः तरुण मुलांत दिसल्या. आपल्याकडे बहुतेकांना कोव्हिशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन मिळाली, त्या एमआरएनए लशी नव्हेत.

मी अण्णांच्या जागी असते तर फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घेतली असती आणि न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी लस घेता येते, फक्त टोचल्यावर जागा चार-पाच मिनिटं दाबून धरायची, चोळायची नाही.

गोळ्यांचा महिन्या-दीड महिन्याचा साठा घरात असू द्या, त्याहून जास्त नको, डोस बदलत राहतात. खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात बघा. साथीत दर तपासणीला क्लिनिकमध्ये जायची गरज नाही. सरकारने फोन आणि व्हिडिओवरच्या सल्ल्याचे नियम मार्च 2020 मध्येच आणले, सरकारच्याच ई-संजीवनी सेवेवर तो फुकटही मिळतो. वजन, बीपी आणि नाडीचे आठवडाभराचे आकडे हाताशी असतील तर असा सल्ला चांगला होतो, नसतील तर तो नुसत्या गप्पा.

एक राहिलं. पंपिंग 35 टक्के लिहिलंत, पण तो इको कधीचा ते लिहिलं नाहीत. 2018 चाच असेल तर या महिन्यात नवा करून घ्या, सोबत किडनी आणि पोटॅशियमची रक्ततपासणी. गेल्या काही वर्षांत या आजाराच्या गोळ्या बऱ्याच सुधारल्या आहेत, आणि अण्णांचा आकडा आता वेगळा निघाला तर पाण्यापासून चालण्यापर्यंतचं वर लिहिलेलं बरंच त्यांच्या डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावं लागेल.